जुन्या मारुतीचे ब्रेक आणि गॅरेजमधली पोरं

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कोठेही जा; जुनी मारुती ८०० अजून रस्त्यावर दिसते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. शौकीन मंडळी आता तिला 'क्लासिक' म्हणतात. आपल्या वस्तीत मात्र ती लग्नाला, दवाखान्याला आणि नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी धावते. गाडी चार-पाच माणसांची, बसतात सात! एवढा भार थांबवायचा तो ब्रेकने.

जुन्या फियाट आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. मारुतीच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. सायकलच्या रिमला रबर दाबून जसा ब्रेक लागतो, तसेच हे काम. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला कॅलिपरमधले दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. लँचेस्टर नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने १९०२ मध्येच अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते.

आपल्याकडे या ब्रेकचा शत्रू म्हणजे पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल. तो कॅलिपरच्या सरकत्या पिनांत जाऊन बसतो. गाडी महिनाभर उभी राहिली की पिना गंजून जाम होतात. मग एकच पॅड झिजतो, गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. असे झाले की नुसते पॅड बदलून भागत नाही. पिना काढून साफ कराव्यात, रबरी बूट फाटले असल्यास बदलावेत आणि ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते. पॅडचा मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की पॅड बदलावेत, आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नये, खाली घोडी लावावी. काढलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा.

ब्रेक ऑइलकडे तर कोणी पाहतच नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेले मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पायडल सरळ खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. हवा काढायला दोन माणसे हवीत. एकाने पायडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सोडायचा आणि पाय उचलण्याआधी पुन्हा आवळायचा. बाटलीत निघालेले ऑइल परत टाकू नये. इंजिन ऑइल चुकूनही ओतू नये, त्याने सगळी रबरे जातात.

आता मुख्य गोष्ट. चाक खोलले की हेल्पर पोऱ्या हवेचा पाइप लावून काळी धूळ उडवतो. ती धूळ त्याच्याच नाकातोंडात जाते. जुन्या पॅडमध्ये आणि मागच्या ड्रमच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. घराच्या पत्र्यांत असते तेच. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात. दम लागणे, कर्करोग हे आजार वीस-तीस वर्षांनी उघड होतात. तोवर ते गॅरेजही राहत नाही आणि उस्तादही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे ठेवा, असा आदेशही दिला. पण तो कारखान्यांसाठी. रस्त्याकडेच्या गॅरेजात चौदा-पंधरा वर्षांच्या पोराची नोंद कोण ठेवणार?

उपाय फार खर्चाचा नाही. हवा मारू नये, कोरडा ब्रशही नको. साबणाच्या पाण्याने धूळ आधी भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गाडीमालकांनी 'लवकर उरका' म्हणून घाई करू नये. पॅड 'ॲस्बेस्टॉसविरहित' लिहिलेलेच मागावेत. आणि आयाबहिणींनो, गॅरेजातून आलेले कपडे घरात झटकू नका. बाहेरच पाण्यात भिजवा, लेकरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा आणि कामावरून आलेल्याने आंघोळ झाल्यावरच लेकराला उचलावे.