छातीतली परांची

आमच्या चऱ्होलीत हल्ली परांची बांधलेली दिसत नाही असा रस्ता शोधावा लागतो. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं आणि हळूहळू शेतांच्या जागी इमारती आल्या. ज्या तुकड्यात माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा, ऊस लावायचे, तिथल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी आता राहतो.

परवा लिफ्ट बंद होती. अण्णांचा मुलगा जिने चढून वर आला. पंचेचाळिशीचा गडी, भोसरीत मशीनशॉपमध्ये कामाला आहे. दारात उभं राहून दोन मिनिटं त्याला बोलता येईना. मग कोरडा खोकला. पाण्याचा तांब्या रिकामा करून म्हणाला, "वजन वाढलंय, काका. बाकी काही नाही."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. अण्णाही असंच म्हणायचे. फक्त वजनाच्या जागी ते वयाचं नाव सांगायचे.

२००७ पासून अण्णांना दम लागू लागला. बांधावरून विहिरीपर्यंत जाताना थांबायचे. कोणी दमा म्हणाले, फवारे दिले. कोणी क्षय धरून चालले आणि सहा महिने गोळ्या दिल्या. मी तेव्हा बँकेत होतो, मार्चअखेर, तपासणी, वसुली यांत बुडालेला. 'वय झालं' हे स्पष्टीकरण मलाही सोयीचं वाटलं, हे आज कबूल केलं पाहिजे. शेवटी सीटी स्कॅन झाला, तेव्हा फुप्फुसाच्या तळाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. पुढे २००९ चा ऑगस्ट आला. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच, ३ ऑगस्टला झाला होता. नायडू रुग्णालयापुढे रांगा होत्या, मास्क मिळत नव्हते. त्याच दिवसांत अण्णांना ताप आला. तपासणीत स्वाइन फ्लू निघाला नाही, पण नवव्या दिवशी अण्णा गेले.

बारा वर्षांनी माझी पाळी आली. २०२१ चा एप्रिल. खाटेसाठी मुलीनं किती फोन केले ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून घरी आलो, आणि अहवालात एक शब्द वाचून पाय गळाले : 'फायब्रोसिस'. अण्णांच्या कागदावर हाच शब्द होता. मी मनातल्या मनात हिशेब केला, की आपल्याकडे दोन वर्षं आहेत.

आज मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि रोज सकाळी वाघेश्वराच्या देवळापर्यंत चालत जातो. एकाच शब्दाचे दोन भावांच्या बाबतीत दोन अर्थ कसे निघाले, हे समजून घेण्यात माझी निवृत्तीनंतरची काही वर्षं गेली. जे समजलं ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. द्राक्षांच्या घडासारखे, पण डोळ्यांना न दिसणारे. ते सारे उलगडून जमिनीवर पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे आमच्याकडचा दोन बेडरूमचा फ्लॅट. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत बहुतेक ठिकाणी एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. इतकी पातळ आहे म्हणूनच ऑक्सिजन पलीकडे जातो.

या भिंतीवर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. पहिल्या चपट्या, फरशीसारख्या पसरलेल्या. बहुतेक सगळी जागा त्यांनीच व्यापलेली. दुसऱ्या लहान, गोलसर. वायुकोश मिटून जाऊ नये म्हणून त्या एक निसरडा द्राव तयार करतात, आणि चपटी पेशी मेली की तिची जागा घ्यायला नवी पेशीही त्याच पुरवतात. म्हणजे घरातला गवंडी तोच. करोनाचा विषाणू नेमका या गवंड्यावर हल्ला करतो. इन्फ्लुएंझाही त्याला सोडत नाही.

भिंतीला खिंडार पडलं की शरीर स्वस्थ बसत नाही. संरक्षक पेशी धावून येतात. टीजीएफ-बीटा नावाचं एक रसायन हाक देतं आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे चिवट धागे विणू लागतात. ही झाली परांची. ती वाईट नाही. तिच्याशिवाय भिंत उभीच राहणार नाही. काम झालं की विणणाऱ्या पेशी बहुतांशी मरून जातात, धागे विरघळवले जातात आणि पातळ भिंत पुन्हा मोकळी होते. माझ्या बाबतीत बरंचसं असं घडलं. अहवालातला शब्द खरा होता, पण तो त्या दिवसापुरता होता.

काहींच्या छातीत मात्र परांची उतरतच नाही. गवंडी पेशी अर्धवट बदललेल्या अवस्थेत अडकून राहतात, हाक थांबत नाही, धाग्यांवर धागे चढतात. मऊ स्पंजाचं चामडं होतं. श्वास आत घेता येतो, पण ऑक्सिजन पलीकडे जात नाही. उंदरांना इन्फ्लुएंझाची लागण करून पाहिलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. फार मोठी जागा उद्ध्वस्त झाली की श्वासनलिकांकडच्या पेशी येऊन भोक बुजवतात, पण वायुकोशाचं काम त्या शिकत नाहीत. भिंत झाली, खिडकी गेली.

मग विषाणूनंतर असं किती जणांचं होतं? २००३ च्या सार्सची बाधा झालेल्या बीजिंगच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना १५ वर्षं तपासत राहिले. त्यांच्या फुप्फुसांवरचे डाग पहिल्या वर्षातच बरेच कमी झाले आणि पुढे जवळपास तेवढेच राहिले. करोनानंतर आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २०७ रुग्ण तपासले. आजारानंतर सरासरी दोनेक महिन्यांनी त्यांतल्या ४४ टक्क्यांच्या फुप्फुसांची वायू रक्तात पोचवण्याची क्षमता कमी भरली. म्हणजे दुखापत मोठी होते, पण पुष्कळांची वर्षभरात भरूनही येते. वय जास्त, आजार तीव्र, व्हेंटिलेटरवर काढलेले दिवस जास्त, त्यांना व्रणाचा धोका अधिक.

अण्णांचा आजार वेगळा होता. कारण सापडत नाही असा फायब्रोसिस. तो निदानानंतर उपचारांविना सरासरी तीन ते पाच वर्षं देतो. अशा रुग्णांच्या फुप्फुसांत नागिणीच्या कुळातले काही विषाणू निरोग्यांपेक्षा जास्त वेळा आढळले आहेत. पण बँकेतल्या चौकशीत मी एक शिकलो आहे : व्हाउचरवर सही सापडली म्हणजे अपहार त्यानंच केला असं सिद्ध होत नाही. विषाणू आरोपी आहे, गुन्हा शाबीत नाही. मात्र अशा जखमी फुप्फुसावर एखादा साधा संसर्गही आला तर आजार अचानक उसळतो आणि माणूस काही दिवसांत जाऊ शकतो. अण्णांचा तो ताप मला आता कळतो. म्हणूनच अशा रुग्णांना डॉक्टर फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगतात.

अण्णांच्या वेळी आपल्याकडे यावर खास औषध नव्हतं. आता पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं आहेत. २०१४ साली अमेरिकेनं दोन्हींना मान्यता दिली. झालेला व्रण ती पुसत नाहीत, पुढची विणकाम-गती मंदावतात. म्हणजे जितकं फुप्फुस शिल्लक असताना सुरू कराल, तितकं वाचेल. उशीर इथे सगळ्यात महाग पडतो.

आणि ओळखणं अवघड नाही. चढताना लागणारा दम, महिनोन्महिने टिकलेला कोरडा खोकला, कधी बोटांची टोकं फुगीर होणं. डॉक्टरांनी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की बुटाची चिकटपट्टी सोडवताना येतो तसा चरचर आवाज. सहा मिनिटं चालवून बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन उतरतो का ते पाहायचं, फुंकण्याची चाचणी करायची, गरज पडली तर सीटी स्कॅन.

आणखी एक गोष्ट मी पुतण्याला त्या दिवशी सांगितली. हा आजार काही घराण्यांत उतरतो. ज्याच्या वडिलांना होता, त्याला धोका इतरांपेक्षा जास्त. त्यात २०२१ मध्ये त्यालाही करोना होऊन गेला आहे, आणि रोजचं काम मशीनशॉपमधलं.

तो गप्प बसला. मग हसून म्हणाला, "काका, तुम्ही कादंबरीवाले. कशाचीही गोष्ट करता. खाडा झाला तर पगार कापतात."

मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या वेळी मी मार्चअखेरीत होतो. आता मला कसलीच मार्चअखेर नाही."

कदाचित खरंच वजन असेल. तसं निघालं तर त्याच्याइतकाच मीही हसेन. पण बुधवारची वेळ घेतली आहे. त्याचा एक दिवसाचा पगार मी देणार आहे, आणि स्कूटरवर मागे बसून सोबतही जाणार आहे.