महल

भयरहस्यप्रधान हिंदी चित्रपट. मुंबईच्या मालाड उपनगरातील ‘बॉम्बे टॉकीज’ या चित्रसंस्थेची ही निर्मिती १९४९ मध्ये प्रदर्शित झाली. लेखन व दिग्दर्शन कमाल अमरोही (१९१८–९३) यांचे असून दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट होय. अशोककुमार (१९११–२००१) व मधुबाला (१९३३–६९) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. योझेफ व्हिर्शिंग यांनी छायालेखन, बिमल रॉय यांनी संकलन, खेमचंद प्रकाश यांनी संगीतदिग्दर्शन आणि नक्शब जारचवी यांनी गीतलेखन केले.

यमुनाकाठचा एक ओसाड महाल लिलावात विकत घेतला जातो आणि हरिशंकर हा तरुण तेथे राहावयास येतो. महाल बांधणारा पुरुष नदीत बुडाला व त्याची वाट पाहणारी कामिनी त्याच्या पाठोपाठ मृत्यू पावली, ही कथा माळी त्याला सांगतो. त्या पुरुषाच्या तसबिरीत हरिशंकरला स्वतःचाच चेहरा दिसतो. आपण त्याचाच पुनर्जन्म आहोत, असे त्याला वाटू लागते. रात्री दिसणाऱ्या कामिनीचा ध्यास त्याला लागतो. श्रीनाथ हा त्याचा वकील मित्र त्याला सावरण्याचा प्रयत्न करतो. रंजनाशी विवाह झाल्यावरही त्याचे मन महालातच गुंतलेले राहते. उपेक्षेने खचलेली रंजना विष घेते व मरताना पतीवर आळ घेते. खटल्यात खरा प्रकार उघड होतो : कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी आशाच असते. रंजनाचे पत्र उजेडात आल्याने हरिशंकरची फाशी टळते; परंतु त्याच्याच विनंतीवरून श्रीनाथ व आशा यांचा विवाह लागतो आणि तो तेथे पोहोचताच प्राण सोडतो.

अशा रीतीने या भयपटात भूत नाहीच. भयाचा उगम महालात नसून मनात आहे, हे त्याचे मुख्य सूत्र होय. बीस साल बाद (१९६२) आणि वो कौन थी? (१९६४) या नंतरच्या चित्रपटांतही अद्‌भुताचा उलगडा मानवी कृतीनेच होतो. पण त्यामागे सूड वा कारस्थान असते. महलमध्ये असा खलपुरुष नाही. आशाचे सोंग एकाकीपणातून व प्रेमातून जन्मते आणि हरिशंकर ते सत्य मानण्यास आतुर असतो. या भ्रमाची पहिली किंमत मात्र त्यात कोणताही वाटा नसलेल्या रंजनाला मोजावी लागते. रहस्य उलगडले, तरी झालेली हानी भरून निघत नाही. म्हणूनच चित्रपटाचा शेवट शोकात्म आहे.

हे मनोविश्व उभे करण्यात तंत्रज्ञांचा वाटा मोठा आहे. व्हिर्शिंग हे १९३४ मध्ये हिमांशू रॉय यांनी स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजमधील जर्मन तंत्रज्ञांपैकी होते. दाट सावल्या, झुलते झुंबर आणि रिकामा झोपाळा यांच्या साहाय्याने, प्रत्यक्षात काहीही न घडता, कोणीतरी जवळ असल्याचा भास त्यांनी निर्माण केला. लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांनी गायिलेल्या कामिनीच्या गीतात स्वर दुरून जवळ येत असल्याचा परिणाम साधण्यासाठी त्यांना गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत यावे लागले. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे पात्राचेच छापलेले होते. ही गायिका कोण, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागल्यावर लताबाईंचे नाव जाहीर झाले. पडद्यामागच्या गायिकेला स्वतःच्या नावाने ओळख मिळण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली.

चित्रपटाला मोठे यश लाभले, तरी बॉम्बे टॉकीज १९५४ मध्ये बंद पडली. संकलक बिमल रॉय यांनी पुढे मधुमती (१९५८) या चित्रपटात पुनर्जन्माची कल्पना स्वतंत्रपणे हाताळली. परंतु तेथे ती सत्य म्हणून येते, तर महलमध्ये ती माणसाला ग्रासणारा भ्रम आहे.