दिवाणखाना: शब्द, बैठक आणि अंतरे

शब्द. ‘दिवाण’ आणि ‘खाना’ या फारसी पदांपासून सिद्ध झालेला हा शब्द मूळचा दरबारी. पुण्याच्या नानावाड्यातील (1780) दिवाणखान्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आजही त्या दरबारी रुबाबाची साक्ष देतात. दालनातील सामानाची नावेही निरनिराळ्या भाषांतली: ‘खुर्ची’ अरबी ‘कुर्सी’वरून, ‘पलंग’ संस्कृत ‘पर्यंक’वरून, ‘कोच’ इंग्रजीतून आला.

भारतीय बैठक. भिंतीलगत गादी, तिच्यावर शुभ्र चादर, पाठीशी तक्क्या, हाताशी लोड आणि मध्यभागी जाजम, अशी ही रचना असल्यामुळे दालनाचा मध्य मोकळा राहून पाहुण्यांची संख्या ऐनवेळी वाढली तरी कुणाची गैरसोय होत नसे. ही सोय खुर्च्यांना साधलेली नाही.

लोड आणि तक्क्या. लोड लांबट व गोल. तक्क्या चौकोनी व चपटा.

अंतरे (सर्वसाधारण).
• आसनाची उंची: 40 ते 45 सेंटिमीटर.
• कोच व समोरचे टेबल यांतील अंतर: सुमारे 40 ते 45 सेंटिमीटर.
• जाण्यायेण्याची मुख्य वाट: 75 ते 90 सेंटिमीटर.

झोपाळा. कड्या तुळईला अडकवलेल्या; पुढेमागे झोक्याइतकी जागा मोकळी हवी.