अफूचा माग: माळव्यापासून गोवंडीपर्यंत

गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीत कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची नशा अनेक घरांना पोखरते आहे. कोडीन हा अफूतलाच घटक. माळव्यातल्या नीमच, मंदसौरच्या ज्या पट्ट्यात आजही परवान्याने अफू पिकते, त्याचा मुंबईशी संबंध दोनशे वर्षांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याचा मोठा भाग शिंदे-होळकरांकडे होता. शेतकऱ्याला सारा भरायला रोकड हवी असे. सावकार पेरणीआधीच उचल देई आणि पुढे अफूचा चीक घेई. माल थोड्या जागेत मावे, टिके, बैलांवरून दूर जाई. मात्र या पिकाला पाणी आणि खत भरपूर लागे. बोंडांना चिरा द्यायला, सकाळी चीक खरवडायला सारे घर राबे.

बिहार-बनारसच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, माळव्यावर नव्हती. तिथला माल दमण आणि कराचीमार्गे चीनला जाई. तो मुंबईकडे वळवण्यासाठी कंपनीने परवाना शुल्क सुरू केले. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि पेटीमागे १२५ रुपयांचे शुल्क १८४७ पर्यंत ४०० वर गेले. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनच्या अफू व्यापाराचा मोठा वाटा होता. त्याच संपत्तीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभे राहिले.

१९०७ च्या ब्रिटन-चीन करारानंतर १९१३ मध्ये चीनला होणारी अफूची निर्यात थांबली. मुंबईत मात्र गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत राहिल्या. कामाची पाळी चुकवणे परवडत नव्हते आणि मूल सांभाळायला कोणी नव्हते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने शिक्षा कडक झाल्या, पण पेरणीमागची कारणे संपली नाहीत. परवानाधारकाला ठरावीक उतारा द्यावाच लागतो आणि चोरटा बाजार सरकारपेक्षा कितीतरी जास्त भाव देतो. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात बेकायदा अफूची शेती उघडकीस आली. दर हंगामात ऊसतोडीसाठी माणसे घर सोडतात, असा हा जिल्हा.

गोवंडीची कहाणी याहून वेगळी नाही. शेजारी १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, शहरातून उठवून आणलेल्यांच्या वसाहती. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात गोवंडीचा एम पूर्व विभाग तळाला होता. पिकवणारा आणि नशेत बुडणारा, दोघेही टंचाईतलेच; मधला नफा नेहमी तिसऱ्याचा. म्हणून धाडी हव्यातच, पण त्यांच्या बरोबरीने शेतकऱ्याच्या इतर पिकांना खात्रीचा भाव आणि गोवंडीच्या मुलांना शाळा, काम व जवळचे व्यसनमुक्ती केंद्र मिळायलाच हवे.