नागरी करमणूक केंद्रे, नागपूर

उद्याने, जलतरण तलाव, क्रीडांगणे, नौकाविहाराची स्थळे, व्यायामशाळा, सभागृहे इ. सार्वजनिक मालकीच्या व सर्व नागरिकांना खुल्या असलेल्या जागांना स्थूलमानाने नागरी करमणूक केंद्रे म्हणतात. त्यांची मालकी नगरपालिकेकडे वा महानगरपालिकेकडे राहते. दैनंदिन कारभार मात्र काही ठिकाणी ती स्वतः पाहते, तर काही ठिकाणी तो विश्वस्त संस्था, क्रीडामंडळे किंवा खाजगी मक्तेदार यांच्यावर सोपविला जातो. मालकी आणि कारभार यांच्या या विभागणीमुळे खर्चाचा भार हलका होतो. त्याचबरोबर त्या जागेवर नागरिकांचा हक्क कितपत शिल्लक राहतो, हा प्रश्नही उभा राहतो. नागपूर शहरात या विभागणीचे बहुतेक सर्व प्रकार आढळतात.

पार्श्वभूमी : नागपूरची जुनी उद्याने भोसले राजवटीतील होत. महाराजबाग हे त्यांपैकी प्रमुख. नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली व २ मार्च १९५१ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. दरम्यान १९३६ च्या अधिनियमान्वये नागपूर सुधार प्रन्यास ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. नव्या वस्त्यांची आखणी करताना उद्याने व क्रीडांगणे यांसाठी भूखंड राखून ठेवणे हेही तिचे काम ठरले. परिणामी शहरातील करमणुकीच्या जागा एकाच मालकाच्या राहिल्या नाहीत. महाराजबाग व तेथील १८९४ मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल व सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह ही राज्य शासनाची आहेत. तर रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह महानगरपालिकेने बांधले असून २२ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. नागरिकाच्या दृष्टीने ही सर्वच सार्वजनिक स्थळे होत. तथापि शुल्क कोण ठरवितो व तक्रार कोणाकडे करावयाची, याची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत.

कायदेशीर आधार : महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते व दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये मानली असून उद्याने, क्रीडांगणे व करमणुकीच्या सोयी यांचा समावेश मुख्यतः ऐच्छिक कर्तव्यांत होतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘उद्याने, बागा व क्रीडांगणे’ हा विषय नागरी संस्थांच्या कार्यकक्षेत स्पष्टपणे नमूद झाला. परंतु त्यासाठी स्वतंत्र उत्पन्नाची तरतूद झाली नाही. निधी अपुरा पडला, की पहिली काटछाट ऐच्छिक बाबींवर होते आणि जागा मक्त्याने देण्याचा विचार पुढे येतो. यावर अंकुश ठेवण्यासाठी अधिनियमात दोन अटी आहेत : स्थावर मालमत्ता पट्ट्याने देण्यास महानगरपालिकेची मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. पैकी पहिली अट लोकप्रतिनिधींची सभा अस्तित्वात असेल, तेव्हाच खऱ्या अर्थाने प्रभावी ठरते. मार्च २०२२ मध्ये नागपूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासकीय राजवट सुरू झाली. त्या काळात प्रस्ताव मांडणारा व तो मंजूर करणारा अधिकारी एकच होता.

व्यवस्थापनाचे प्रकार : (१) खात्यामार्फत व्यवस्थापन : महानगरपालिकेचा उद्यान वा क्रीडा विभाग स्वतःच्या कर्मचाऱ्यांकरवी केंद्र चालवितो. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) हे या पद्धतीचे परिचित उदाहरण. यात शुल्क कमी राहते. मात्र रिक्त पदे व दुरुस्तीतील दिरंगाई हे नेहमीचे दोष होत. (२) विश्वस्त संस्था : स्थानिक संस्था स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापून त्याच्याकडे कारभार देते. मुंबईतील अंधेरी व मुलुंड येथील क्रीडा संकुले बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानामार्फत चालविली जातात. (३) सेवा मक्ता : मालक ठराविक रक्कम देऊन केवळ निगा, स्वच्छता व पहारा ही कामे करवून घेतो, शुल्काचे उत्पन्न मालकाकडेच राहते. (४) चालविण्याचा मक्ता वा भाडेपट्टा : मक्तेदार मालकाला वार्षिक रक्कम देतो व प्रवेशशुल्क, नौकाविहार, खेळणी, उपाहारगृह यांतून ती वसूल करतो. मुदत जितकी दीर्घ व मक्तेदाराची गुंतवणूक जितकी मोठी, तितका जागेचे स्वरूप बदलण्याचा संभव अधिक.

कराराचा आशय : केंद्र सुस्थितीत चालणे हे बहुतांशी कराराच्या कलमांवर अवलंबून असते. उदा., नागपुरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जात असल्याने जलतरण तलावाचे उत्पन्न मुख्यतः उन्हाळ्याच्या दोनतीन महिन्यांत एकवटते. पाणी शुद्ध करणारी यंत्रे, क्लोरीन, वीज व जीवरक्षक यांचा खर्च मात्र तलाव चालू असेपर्यंत करावा लागतो. अशा स्थितीत वार्षिक रक्कम अवास्तव ठरविल्यास मक्तेदार प्रथम जीवरक्षकांची संख्या व पाण्याची शुद्धता यांतच काटकसर करण्याचा धोका असतो. म्हणून केवळ सर्वांत मोठी बोली न पाहता किमान सेवेचे मान करारातच नमूद करणे इष्ट ठरते. किरकोळ दुरुस्ती मक्तेदाराने व बांधकामाची मोठी दुरुस्ती मालकाने करावी, अशी विभागणी सामान्यतः असते. ती संदिग्ध राहिल्यास गळका तलाव दोघांच्या पत्रव्यवहारात वर्षानुवर्षे कोरडा राहतो. यंत्रे अखेरीस मालकाकडे परत जावयाची असल्याने मुदतीच्या शेवटच्या वर्षी त्यांची आबाळ होते. त्यासाठी अनामत रक्कम व हस्तांतरापूर्वीची तपासणी आवश्यक असते. सकाळी फिरावयास येणाऱ्यांना विनामूल्य प्रवेश, विद्यार्थी व ज्येष्ठ नागरिक यांना सवलत आणि शुल्कवाढीस मालकाची पूर्वसंमती ही कलमे नागरिकांच्या हक्काशी थेट निगडित होत.

इतर देशांतील अनुभव : ब्रिटनमध्ये १९८८ च्या स्थानिक शासन अधिनियमाखाली काढलेल्या आदेशाने क्रीडा व करमणूक केंद्रांचे व्यवस्थापन सक्तीने निविदेच्या कक्षेत आणले गेले. खर्चकपातीच्या दडपणातून काही ठिकाणी निराळा मार्ग निघाला : लंडनमधील ग्रिनिच येथे १९९३ मध्ये केंद्रांतील कर्मचाऱ्यांनीच ना-नफा संस्था स्थापून कारभार स्वीकारला. सक्तीची ही पद्धत २००० मध्ये बंद झाली. अशा ना-नफा संस्था मात्र टिकून राहिल्या.

अंबाझरीचा वाद : अंबाझरी तलावाकाठचे उद्यान १९५८ मध्ये सुरू झाले आणि कित्येक पिढ्यांच्या सहलींचे ते ठिकाण ठरले. पुढे ही जागा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे गेली व महामंडळाने ती मनोरंजन प्रकल्पासाठी खाजगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. जून २०२१ मध्ये तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडण्यात आले. १९५६ च्या धर्मांतरामुळे आंबेडकरी चळवळीचे केंद्र बनलेल्या या शहरात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. भवनाची पुनर्बांधणी व उद्यान खुले करणे या मागण्यांसाठी दीर्घकाळ धरणे धरण्यात आले. या प्रकरणात जागेचा ताबा दोनदा बदलला. त्यामुळे जागा वापरणारा नागरिक आणि तिच्याविषयी निर्णय घेणारी संस्था यांतील अंतर प्रत्येक टप्प्यावर वाढत गेले.

न्यायालयीन भूमिका : उद्यानासाठी राखीव जागा रुग्णालयाला देण्याचा बंगलोर येथील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरविला. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली व्यापारी संकुल बांधण्याचा निविदेविना केलेला करारही १९९९ मध्ये बेकायदेशीर ठरला व बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश देण्यात आला. स्थानिक संस्था अशा जागांची विश्वस्त असते आणि विश्वस्ताला मूळ हेतूच मोडून टाकणारा करार करता येत नाही, हे तत्त्व या निर्णयांतून दृढ झाले. कारभार दुसऱ्यावर सोपविता येतो, जबाबदारी सोपविता येत नाही. म्हणूनच मक्त्याचे यश मिळालेल्या रकमेवरून नव्हे, तर मुदतीअखेर ती जागा किती लोकांना व कोणत्या अटींवर खुली राहिली, यावरून मोजले पाहिजे.