परसबागेचें वर्ष

शहरांतील घरांत बागेची हौस बहुधा मृगाच्या पहिल्या सरीबरोबर जागी होते. आकाश भरून आलें, मातीचा वास सुटला, कीं घरांतील कोणीतरी रोपवाटिकेंत जातो, चार रोपें व सहा पुड्या बीं घेऊन येतो आणि त्याच संध्याकाळीं तें सारें जमिनींत जातें. श्रावण सरतां सरतां त्यांतील निम्मीं रोपें सडलेलीं असतात, उरलेलीं चैत्रांत वाळतात, आणि 'या जागेला बाग मानवत नाहीं' असा निकाल दिला जातो. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. जागा निर्दोष असते. चुकलेला असतो तो काळ. पावसाळा हा परसबागेचा आरंभ नव्हे, तर मध्य होय. तिचा आरंभ वैशाखाच्या उन्हांत, एकही हिरवें पान दिसत नसतांना, करावा लागतो.

याचें कारण येथील पावसाच्या स्वभावांत आहे. पुण्यास वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें २८ इंच पाऊस पडतो व मुंबईस त्याच्या तिपटीच्या आसपास. परंतु दोन्ही शहरीं त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. म्हणजे झाडाला चार महिने बुडण्याची भीति आणि पुढें आठ महिने तहानेची. या दोन्ही भीतींचा बंदोबस्त एकाच ठिकाणीं करतां येतो व तें ठिकाण म्हणजे माती. भुसभुशीत माती जास्तीचें पाणी खालीं सोडते आणि हवें तेवढें धरून ठेवते. दडपलेली, कठीण माती यांपैकीं एकही काम करीत नाहीं.

म्हणून वैशाखांत पहिलें काम खणण्याचें. वाफ्यांतील माती एक फूट खोल उकरून, ढेंकळें उलटीं करून, दोन-तीन आठवडे उन्हांत तापूं द्यावी. हुमणीच्या अळ्या व किडींचे कोष त्यामुळें उघडे पडतात. कांहीं उन्हानें मरतात, कांहीं साळुंक्या व कावळे वेचतात. हरळीच्या मुळ्याही याच वेळीं काढतां येतात. काळी माती भिजली कीं फुगते व वाळली कीं आक्रसून भेगाळते. अशा मातींत कुजलेलें शेणखत व थोडा विटांचा चुरा मिसळला म्हणजे ती मोकळी होते. लिंबू किंवा पेरू लावावयाचा असल्यास दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा आतांच घेऊन ठेवावा. तो एकदां पाण्यानें भरून पाहावा. दुसऱ्या दिवशींही पाणी तसेंच उभें राहिलें, तर तेथें झाड लावणें म्हणजे त्यास जाणूनबुजून बुडविणें होय. अशा ठिकाणीं सहा इंच उंचीचा गादी वाफा करून भाजीच लावावी.

याच महिन्यांत घराभोंवतालच्या मोठ्या झाडांकडे वर पाहावें. वाळलेल्या व कुजलेल्या फांद्या पहिल्या वादळांत मोडतात, आणि त्या कोणाच्या डोक्यावर पडतील याचा नेम नसतो. मात्र महाराष्ट्रांतील शहरांत वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा लागू असल्यामुळें नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधीं घ्यावी. भिंतीच्या फटींत उगवलेलें पिंपळाचें रोप मात्र बोटाएवढें असतांनाच मुळासकट काढावें. पुढें त्याचें मूळ भिंत फोडतें.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतें; पण पंचांगांतील मृग व जमिनींतील मृग एकच असतील असें नाहीं. पहिल्या सरीनें माती वरवर भिजते, बीं फुगतें, कोंब येतो, आणि मध्येंच आठ दिवस उघडीप पडली कीं तो करपतो. माती हातानें उकरून पाहावी. ओल वीतभर खोल उतरली असेल तरच पेरावें. बीं त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून अधिक खोल घालूं नये. या हंगामांत भेंडी, गवार, दोडका, कारलें, घोसाळें व दुध्या हीं पेरून येतात. तोंडलीचा वेल व शेवगा फांदी लावून होतात. अळूचे कंद सांडपाण्याच्या कडेला लावले म्हणजे निराळें पाणी मागत नाहींत. वेलांचा मांडव वाफ्याच्या उत्तरेस घालावा, कारण हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि दक्षिणेस उभा केलेला मांडव साऱ्या बागेवर सावली धरतो.

श्रावण-भाद्रपदांत पाणी घालण्याचें काम नसतें, पाणी काढण्याचें असतें. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. माती पाण्यानें तुडुंब राहिली म्हणजे तिच्यांतील हवा निघून जाते व मुळें गुदमरून कुजतात. पपई याला सर्वांत हळवी. तिच्या बुंध्याशीं एक-दोन दिवस पाणी तुंबलें तरी ती मान टाकते. म्हणून बुंध्याशीं मातीची भर द्यावी व वाफ्यांना चर काढावेत. लिंबाच्या व कढीलिंबाच्या पानांवर याच दिवसांत पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. त्या एका फुलपांखराच्या असून, दोन-चार दिवसांत लहान रोप बोडकें करतात. त्यांना औषध लागत नाहीं. सकाळीं हातानें वेचणें पुरतें.

याहून गंभीर गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा डांस गटारांत नव्हे, तर घरांतील स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो व दिवसा चावतो. अंड्यापासून डांस होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यांतून एक वार ठरवून त्या दिवशीं प्रत्येक ताटली, डबा, रिकामी कुंडी व पाण्याचें पिंप उपडें करून, आंतून घासून कोरडें केलें म्हणजे हें चक्र तुटतें. घासणें विसरूं नये, कारण अंडीं भांड्याच्या कडांना चिकटून राहतात. ज्या घरांत हा नेम पाळवत नसेल, त्या घरानें ताटल्या ठेवूंच नयेत. बाग हें घराचें भूषण खरें, पण घरांतील मुलाच्या तापापेक्षां तें मोठें नाहीं.

वेलांविषयीं एक तक्रार नेहमीं ऐकूं येते: फुलें पुष्कळ, पण फळ धरत नाहीं. दुध्या, दोडका व कारलें यांच्या एकाच वेलावर नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादी फुलाच्या मागें इवलेंसें फळ आधींच दिसतें. नर फुलाच्या मागें नुसता देंठ असतो. आरंभीं येणारीं बहुतेक फुलें नरच असतात, तीं गळालीं तर काळजी नको. पुढें मादी फुलें येऊनही गळूं लागलीं, तर परागकण पोंचत नाहींत असें समजावें. कारल्याचें फूल सकाळीं उमलतें, दुध्याचें व दोडक्याचें संध्याकाळीं. त्या त्या वेळीं नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागीं हळूच टेंकवावें. ज्या बागेंत सरसकट औषधें फवारलीं जातात, तेथें मधमाशा येत नाहींत व हें काम माणसासच करावें लागतें. मावा दिसल्यास लिटरभर पाण्यांत ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, फुलें मिटलीं असतांना शिंपडावी.

हस्त व चित्रा नक्षत्रें सरलीं कीं बागेचा दुसरा हंगाम येतो, आणि शहरी घरास तोच अधिक फळतो. पाऊस थांबल्यावर मातीवर पापुद्रा धरतो. तो खुरप्यानें मोडावा. तसें केल्यानें खालची ओल लवकर उडून जात नाहीं. मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर यांना हीच थंडी हवी असते. धण्याच्या प्रत्येक दाण्यांत दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वीं धणे हलक्या हातानें रगडून दोन फांकी कराव्यात. मेथी महिन्याभरांत काढणीस येते. दर दहा दिवसांनीं थोडी थोडी पेरली म्हणजे माघापर्यंत घरची जुडी मिळत राहते. टोमॅटो व वांगीं यांचीं रोपें वाफ्यांत तयार करून, चार-पांच आठवड्यांचीं झालीं म्हणजे संध्याकाळीं लावावींत. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर केली कीं दीडेक महिन्यानें फुलें येतात. शेवंतीला मात्र कितीही खत दिलें तरी ती रात्र लांबल्यावांचून फुलत नाहीं. तिच्यावर रात्रभर दिव्याचा उजेड पडत असेल तर ती कळ्याच धरीत नाहीं. अंगणांतील दिवा एवढ्यासाठीं सरकवावा लागतो.

माघ-फाल्गुनांत पानगळ सुरू होते. पाचोळा जाळण्याची जुनी संवय अजून पुष्कळ आवारांत दिसते. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनीं मनाई केली. परंतु नियम नसता तरी तें करणें हें धन जाळणेंच होय. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें कचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धति बसविली, तिचें तत्त्व साधें आहे: ओला व कोरडा भाग थरांनीं रचावा, ओल राखावी, आणि ढीग मधून मधून उलटून त्यास हवा द्यावी. घरीं स्वैंपाकघरांतील देंठ-सालींवर प्रत्येक वेळीं मूठ-दोन मुठी पाचोळा टाकावा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल असावी. घाण वास आला तर पाणी जास्त व हवा कमी झाली असें समजून कोरडा पाचोळा वाढवावा. सुमारें तीन महिन्यांत काळें, मातीच्या वासाचें खत तयार होतें, म्हणजे फाल्गुनांतील पाचोळा मृगाच्या लावणीस उपयोगीं पडतो.

उरतो उन्हाळा, आणि येथें बाग व शेजार यांचा प्रश्न येतो. शंभर चौरस फूट जमिनीवर एक इंच पाणी द्यावयाचें तर सुमारें २३५ लिटर लागतें. गल्लींत नळाखालीं हंडे रांगेंत उभे असतांना नळीनें हिरवळ भिजविणें शोभत नाहीं व त्याची गरजही नाहीं. रोज वरवर शिंपडण्याऐवजीं तीन-चार दिवसांनीं, सूर्य मावळल्यावर, मुळांपाशीं भरपूर पाणी द्यावें. मुळें त्यामुळें खोल जातात. मातीवर दोन-तीन इंच पाचोळ्याचें आच्छादन घालावें. लिंबाजवळ एक कच्च्या भाजणीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून, भरून, झांकून ठेवावें. भोंवतालची माती सुकेल तसें तें पाझरतें. तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी कोणत्याही झाडास चालतें. धुण्याच्या सोड्याचें पाणी मात्र मातीस घट्ट करतें, तें कुंडींत घालूं नये.

ज्यांस अंगण नाहीं त्यांसही हेंच वर्ष लागू आहे. दोन भाग माती, एक भाग खत व एक भाग वाळू, आणि तळाच्या भोंकावर उलटी खापरी, एवढ्यावर कुंडी चालते. फक्त वजनाचें भान असावें: एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. सज्जा ती किती पेलेल, हें बांधकामाच्या जाणकारास विचारून मगच मोठ्या कुंड्या चढवाव्यात. आणि त्या विटांच्या तुकड्यांवर ठेवाव्यात, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या छतास ओल येणार नाहीं.

पहिल्या वर्षीं सारें साधावयाचें असें मनांत आणूं नये. एक गादी वाफा, एक कढीलिंब, एक लिंबू व मेथीच्या चार ओळी एवढें नीट निभावलें, तरी घराचें बरेंच काम होतें. भिंतीवरील दिनदर्शिकेंत पेरणीची, पहिल्या फुलाची व पहिल्या किडीची तारीख टिपून ठेवावी. पुढच्या वैशाखांत खुरपें हातीं घेण्यापूर्वीं ती वाचावी. त्या जागेपुरता तिच्याहून खात्रीचा दुसरा सल्लागार मिळणें कठीण.