क्लस्टर आणि क्लाउड : विद्यार्थी नेमके काय शिकतो?

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या विषयसूचीत ‘क्लस्टर अँड क्लाउड कॉम्प्युटिंग’ हे नाव आढळते. वडीलधाऱ्यांना त्यातून बहुधा एवढाच बोध होतो, की या विषयाला नोकरीच्या बाजारात मागणी आहे. त्याचे खरे मोल मात्र निराळे आहे.

क्लस्टर म्हणजे जाळ्याने जोडून एकाच कामाला जुंपलेले अनेक संगणक. १९९४ साली ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या सामग्रीतून ‘बेवुल्फ’ नावाचा असा समूह उभारला. अनेक प्रोसेसरांची शक्ती एकवटण्याची कल्पना महाराष्ट्रालाही नवी नव्हती, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्येच ‘परम ८०००’ सिद्ध केला होता. क्लाउडमध्ये हीच एकवटलेली शक्ती इंटरनेटवरून गरजेपुरती भाड्याने मिळते. ॲमेझॉनने ती सेवा २००६ साली खुली केली.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात हा विषय शिकविताना समाजमाध्यमांवरील मजकुराची प्रचंड फाइल विद्यार्थ्यांपुढे ठेवली गेली आहे. तिचे विश्लेषण करणारा एकच प्रोग्राम विद्यापीठाच्या ‘स्पार्टन’ या महासंगणकावर तीन प्रकारे चालवायचा : एका कोअरवर, एकाच यंत्रातील आठ कोअरवर आणि दोन यंत्रांत चार-चार वाटलेल्या आठ कोअरवर. आठ कोअर म्हणजे आठपट वेग, ही भाबडी अपेक्षा येथे कसोटीला लागते.

त्याचे कारण जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडले. आपल्या घरातील पापडांचे उदाहरण घेतले, तर ते सहज उमगते. लाटायला शेजारणी आल्या की लाटणे झपाट्याने उरकते. परंतु आधी पीठ भिजून मुरायला लागणारा वेळ कितीही हात आले तरी घटत नाही. दहा तासांच्या कामातील एक तास असा अविभाज्य असेल, तर आठ जणांनाही दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल आणि हजार जण आले तरी एका तासाच्या आत काम संपणार नाही. शिवाय दोन यंत्रांना परस्परांशी जाळ्यावरून बोलावे लागते. त्या बोलण्यालाही वेळ द्यावा लागतो.

क्लाउडवरील कामात आणखी दोन धडे मिळतात. कोणतेही यंत्र कोणत्याही क्षणी बंद पडेल, असे गृहीत धरूनच रचना करावी लागते. म्हणून माहितीच्या प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. दुसरा धडा खर्चाचा. भाड्याने घेतलेले यंत्र बंद करायचे विसरले, तर ते रिकामे असले तरी रात्रभर आकार चढत राहतो.

एखाद्या कंपनीच्या पडद्यावरील बटणे तेवढी पाठ केली, तर ते ज्ञान पडदा बदलताच शिळे होते. कामाचा कोणता भाग वाटता येतो, कोणता येत नाही आणि वाटण्याची किंमत काय, हे ओळखणारी दृष्टी मात्र टिकते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी ‘कोणत्या कंपनीचा क्लाउड शिकवतात?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘स्वतः प्रोग्राम चालवून वेळ आणि खर्च मोजायला मिळतो का?’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.